देवीची उजवी बाजू

अवधूत टिपणिसांनी मोजपट्टीचं एक टोक अंगठ्यानं भिंतीला दाबून धरलं, दुसरं टाचेखाली घेतलं आणि अशा अवघडलेल्या अवस्थेत ते कमोडची जागा मोजू लागले. टोक धरायला विद्युल्लताबाईंना बोलावता आलं असतं, पण मग काय चाललंय तेही सांगावं लागलं असतं. भिवंडीच्या दिवाणी कोर्टात उभी हयात कारकुनी केलेल्या माणसाला एवढं कळत होतं, की कागद तयार होईपर्यंत आपल्याच पक्षकाराला तोंड उघडू देऊ नये.

माप लिहून झालं तसं त्यांनी त्याच भिंतीवरच्या फळीवरून लिंबाच्या लोणच्याची बरणी उचलली आणि मागे, तिच्या जागेवर सारली. हे रोजचंच होतं. घरांच्या मागच्या बाजूला यंत्रमागांचा कारखाना होता. माग सुरू असले की जमीन थरथरे, जमिनीबरोबर भिंत थरथरे आणि फळीवरचा सगळा संसार संध्याकाळपर्यंत रस्त्याच्या बाजूला वीतभर सरके. पहिली बरणी पडून फुटली तेव्हा कारखानदाराला नोटीस द्यावी असं टिपणिसांच्या मनात आलं होतं. पण भिवंडीत थरथरत नाही अशी भिंत आहे कुणाची? त्यापेक्षा बरणी मागे ढकलणं सोपं होतं.

भिंत सामाईक होती. अलीकडे टिपणीस, पलीकडे दाजी भोईर. दोन्ही घरं एकाच गवंड्यानं एकाच बेतानं बांधलेली, फक्त उजव्याचं डावं केलेलं. ओटीही एकच होती, मध्ये गुडघाभर उंचीचा कठडा काय तो.

विद्युल्लताबाईंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन दिवाळीनंतर ठाण्याला ठरलं होतं. यापुढे उकिडवं बसायचं नाही आणि पायऱ्यांचं तर नावही काढायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि टिपणिसांचा संडास तर मागीलदारी, पायऱ्या उतरून, परसाच्या टोकाला. मुलगा अनय पुण्याहून फोनवर म्हणाला, की हल्ली भांडं बसवलेली खुर्ची मिळते, रोज कुणीतरी साफ केली की झालं. बाईंनी फोन नवऱ्याच्या हातात दिला.

"त्याला सांगा, माझं भांडं दुसऱ्यानं उचलायचं असेल तर मी ऑपरेशनच करणार नाही. आहे तशी रांगेन."

बाई बोलल्या म्हणजे बोलल्या. एकदा रागाच्या भरात त्यांनी चहा सोडला होता, तो पुन्हा धरला नव्हता. तेव्हा झोपायच्या खोलीला लागून कमोड बांधणं भाग होतं. बाळाराम गवंड्यानं घरभर फिरून, गटाराचा उतार बघून, जागा एकच आहे असं सांगितलं. ती या सामाईक भिंतीला लागून होती.

दुसरा कुणी असता तर कपाळाला हात लावून बसला असता. टिपणिसांना मात्र मनातून आनंदाच्या उकळ्या फुटल्या. भिंतींचे दावे त्यांनी आयुष्यभर पाहिले होते. न सांगता शेजाऱ्याच्या पायाखालची माती उकरणारे, दुसऱ्याच्या भिंतीत तुळई खुपसणारे, आपल्या मोरीचं पाणी लोकांच्या भिंतीत मुरवणारे. भिंती पडल्या, पक्षकार वारले, दावे मात्र उभेच राहिले. आता एकदा, निदान एकदा, हे काम जसं व्हायला हवं तसं करून दाखवायचं होतं. त्यांनी दोन दिवस खपून दाजी भोईरांना नोटीस लिहिली. पाया किती खोल जाईल, खणताना भिंतीला टेकू कुठे दिले जातील, पाणी मुरणार नाही याची काय तजवीज केली आहे, तडा गेल्यास नुकसानभरपाई कोण देईल, मजूर कोणत्या वेळेत ठोकाठोक करतील, सारं त्यात होतं. टिपणिसांनी ती दोनदा वाचली आणि तिसऱ्यांदा नुसती सुखासाठी वाचली. मग पोस्टात जाऊन, पोचपावती जोडून, ती रजिस्टरनं रवाना केली.

दुसऱ्या दिवशी चांगदेव पोस्टमन ओटीवर आला. पाकिटावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता वाचला, घेणाऱ्याचा वाचला आणि कठड्याकडे बघत उभा राहिला.

"भाऊसाहेब, हाक मारली असतीत तरी ऐकू गेलं असतं."

"हाकेची पोच मिळत नाही," टिपणीस म्हणाले.

चांगदेवानं कठड्यावरून तंगडी टाकली आणि नोटीस बजावली.

इथून पुढे जे घडलं ते कायद्याच्या कुठल्याही पुस्तकात नव्हतं. त्या रविवारी भिंतीपलीकडून चिंबोऱ्यांच्या रश्शाचा वास आला, पण रस्सा आला नाही. दाजीची म्हातारी आई, हौसाबाई, रविवारी खाडीचं काहीतरी रांधणार आणि त्यातली वाटी कठड्यावरून टिपणिसांकडे येणार, हे सूर्य उगवण्याइतकं ठरलेलं होतं. टिपणिसांनी जेवताना दोनदा दाराकडे पाहिलं. विद्युल्लताबाईंनी वरण वाढलं.

"हौसामावशींना बरं नाही की काय?" त्या म्हणाल्या.

टिपणीस वरणभात कालवत राहिले.

आठवड्याभरात उत्तर आलं, तेही रजिस्टरनं, वकिलामार्फत. नेमकं ते विद्युल्लताबाईंच्या हातात पडलं. त्या चष्मा लावून आरामखुर्चीत बसल्या आणि मोठ्यानं वाचू लागल्या. नोटिशीच्या कलम एकमधील मजकूर खोटा असून आमच्या अशिलास मान्य नाही. कलम दोनमध्ये म्हटल्याप्रमाणे उभयतांत सामाईक भिंत असल्याचा मजकूर मान्य नाही. कलम तीनमध्ये उल्लेखिलेल्या विद्युल्लता या नोटीस देणार यांच्या पत्नी असल्याबद्दल आमच्या अशिलास माहिती नसल्याने तोही मजकूर मान्य नाही.

बाईंनी चष्मा काढला.

"मी तुमची बायको आहे हे दाजीला माहीत नाही? माझ्या मांडीवर त्याच्या पोरांची बारशी झाली!"

"अगं, ते तसं लिहायचंच असतं. सगळं नाकारायचं, म्हणजे काही निसटत नाही."

"आणि तुम्ही काय लिहिलं होतंत?"

टिपणिसांनी नोटिशीची स्थळप्रत आणून दिली. एव्हाना लपवण्यात अर्थ नव्हता, आणि खरं सांगायचं तर कुणीतरी ती वाचावी असं त्यांना फार वाटत होतं. बाईंनी शेवटपर्यंत वाचली. वाचता वाचता त्यांचा राग उतरत गेला आणि त्या जागी काहीतरी वेगळंच चेहऱ्यावर आलं.

"भिंतीच्या या बाजूचं सगळं लिहिलंत," त्या म्हणाल्या. "पलीकडे काय आहे?"

"पलीकडची जागा दाजीच्या मालकीची."

"जागेत काय आहे, ते विचारतेय."

टिपणिसांना माहीत नव्हतं. ओटीवर ते दाजीशी रोज बोलत, निवडणुकीपासून गोडाऊनच्या भाड्यापर्यंत. पण उंबऱ्याच्या आत ते कधी गेले नव्हते. तसं काही कारण नव्हतं. आत जायची पद्धत बायकांची.

विद्युल्लताबाई खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठल्या. भिंतीपाशी आल्या आणि टिपणिसांनी पेन्सिलीनं जिथे कमोडची फुली मारली होती तिथे त्यांनी तळहात टेकवला.

"इथे पलीकडून एकवीरेची पाठ येते. भोईरांचा देव्हारा आहे हा."

टिपणीस फुलीकडे पाहत राहिले. माप अगदी बिनचूक होतं.

"कायद्यात देव्हाऱ्याचा कुठे..." त्यांनी सुरुवात केली आणि बायकोचा चेहरा पाहून वाक्य तिथेच सोडलं.

दुसरी जागा नव्हती. ऑपरेशनची तारीख पुढे ढकलली तर बाई पुन्हा तयार होतील याची खात्री नव्हती. रात्री मागच्या पायऱ्या उतरताना त्या भिंत धरून कण्हायच्या, आणि आपण झोपलो आहोत असं टिपणीस दाखवायचे, कारण जागे आहोत असं दाखवलं तर त्या कण्हणंही गिळायच्या. हे काही नोटिशीत घालण्यासारखं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी धुतलेला सदरा घातला आणि कठडा ओलांडला.

लाईट गेलेली होती. त्या वर्षी भिवंडीत लोडशेडिंगचा नुसता कहर होता. मागचे माग बंद, पंखे बंद, ऑक्टोबरचा उकाडा अंगाला चिकटलेला. उंबऱ्याशी टिपणीस घुटमळले. आत जमिनीवर गुळगुळीत लादी, भिंतीला मोठा टीव्ही आणि खाटेवर हौसाबाई. दाजी वर्तमानपत्रानं वारा घेत होता. दापोड्याच्या शेतावर गोडाऊनं उठल्यापासून भोईरांचं बरं चाललं होतं. थोरला कुणाल कशेळीला ट्रकांचा धंदा सांभाळत होता. पण दाजीचा गंजीफ्रॉक अजून तोच, खांद्यावर विरलेला.

"या," दाजी म्हणाला. एरवी तो 'या भाऊसाहेब' म्हणत असे.

टिपणीस आत आले आणि देव्हारा दिसताच थांबले. सामाईक भिंतीला लागून लाकडी चौरंग, त्यावर देवीचा पितळी मुखवटा, कपाळावर मळवट, पुढे समई. बायकोनं टेकवलेला तळहात त्यांना आठवला. चप्पल बाहेर काढली होती, तरीही त्यांनी एकदा पायांकडे पाहिलं.

"दाजी, मी नोटीस दिली ती भांडायला नाही. न सांगता खणणं हा शेजाऱ्याचा अपमान असतो. कायद्यानं नोटीस म्हणजे मान आहे."

"मान असा टपालानं येतं व्हय?" दाजीनं वर्तमानपत्र खाली ठेवलं. "भाऊसाहेब, आमच्या घरान रजिस्टर आला का काय होतं ठाव हाय? माझ्या बापाला पयला रजिस्टर आला, तवा खाडीकडची खारजमीन गेली. दुसरा आला, तवा रस्त्यान शेत गेला. तिसरा तुमचा. आय दोन दिस जेवली न्हाय. मना इचारते, आता आपला काय नेतान?"

इतक्या वर्षांत त्यांनी कितीतरी नोटिसा बाहेर धाडल्या होत्या. त्या कुणाच्या तरी घरात उघडल्या जातात, हे त्यांना ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि समोर खाटेवर बसलेली हौसाबाई वेगळी.

"चुकलं माझं, मावशी," ते म्हणाले.

हौसाबाईंनी ते ऐकलं न ऐकलंसं केलं. "लताचं पाय कसं हायेत?" त्यांनी विचारलं. विद्युल्लता हे नाव त्यांच्या जिभेला कधी पेललं नव्हतं.

"तसेच आहेत."

"मंग बांधा की."

"आये!" दाजी उठलाच. "देवीच्या पाठीला संडास? लोक तोंडान शेन घालतील. लताकाकूंसाठी मी जीव देन, पन यो नाय जमायचा."

"तुला कोन इचारतंय? देवीचं घर हाय, देवीला इचार. इथून उठून दुसरीकडं बसतेस का म्हनून कौल लाव."

दाजी पुन्हा खाली बसला. कौलापुढे त्याची मात्रा चालत नसे. भोईरांच्या घरात कौलाशिवाय पान हलत नव्हतं. देवीच्या उजव्या-डाव्या गालाला फुलाची ओली पाकळी लावायची आणि प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. दापोड्याची जमीन कौल लावून दिली होती, पहिला ट्रक कौल लावून घेतला होता. आमची देवी कधी न्हाय बोल्ली न्हाय, असं दाजी ओटीवर छाती पुढे काढून सांगे. दाजीच्या लेकीला, पूर्वीला, पुण्याला होस्टेलवर राहून शिकायचं होतं. एकट्या पोरीला कशी धाडू म्हणून दाजी अडून बसला होता, पण देवी बोलेल ते खरं, असं त्यानं कबूल केलं होतं. तो कौल दिवाळीनंतर लागायचा होता.

"यात माझाच दोष आहे," टिपणीस गंभीरपणे म्हणाले. "देवी आवश्यक पक्षकार होती. तिला सामील न करता मी नोटीस काढली. कोर्टानं ती फेकून दिली असती."

हे ऐकून दाजीचा चेहरा जरा सैल झाला. आपल्या देवीला कोर्टात जागा आहे हे त्याला नवीन होतं.

"देवीनं न्हाय सांगतला तर?"

"तर अपील करणार नाही."

"लाईट कवा येते रं?" मधेच हौसाबाईंनी विचारलं.

"चारला."

"मंग चारलाच लावू. पंखा न्हाय, जीव घाबराघुबरा होतं."

"देवीला पंखा कनाला लागतं, आये?" दाजीला आता दम निघत नव्हता. त्यानं झेंडूच्या पाकळ्या भिजवल्या, मुखवट्याच्या दोन्ही गालांना लावल्या, हात जोडले आणि खणखणीत आवाजात देवीला सगळं प्रकरण समजावून सांगितलं. त्यात नोटीस होती, वकिलाची फी होती आणि लताकाकूंचे गुडघेही होते. मग तो मांडी घालून बसला. टिपणीसही बसले.

पाकळ्या पडल्या नाहीत.

बराच वेळ गेला. एक माशी देवीच्या मुकुटावर बसली आणि उडाली. दाजीची बायको ठकुबाई स्वयंपाकघराच्या दारातून डोकावून गेली. पाकळ्या जागच्या जागी.

"बगा," दाजी हळूच म्हणाला. "देवी बोलत न्हाय. नाराज हाय."

"इचार करते," हौसाबाई म्हणाल्या. "यवढी घाई कनाला? ठकू, चा ठेव."

माग बंद होते म्हणून घरात अशी शांतता होती, की समईची वात जळल्याचं ऐकू यावं. त्या शांततेत भिंतीपलीकडून खाट करकरली. मग "आई गं" असा दबका आवाज आला. मग पाय ओढल्याचा, मग कडी काढल्याचा. तिघंही ऐकत होते. पहिली पायरी. बराच वेळ काहीच नाही. मग दुसरी पायरी आणि तिच्यासोबत दातांतून निघालेला लांब श्वास. घरात कुणी नाही असं समजून विद्युल्लताबाई आज काहीच गिळत नव्हत्या.

टिपणीस जमिनीकडे बघत राहिले. आपल्या बायकोचं दुखणं असं चारचौघांत ऐकताना त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दाजीनं हात पुन्हा जोडले. या वेळी तो मोठ्यानं काही बोलला नाही. पण त्याचे डोळे उजव्या पाकळीवर खिळलेले होते आणि ओठ हलत होते, आणि तो काय मागत होता हे सांगायला कुणा वकिलाची गरज नव्हती.

"आये, पाडू काय हातानं?" शेवटी तो कुजबुजला.

"गप बस, खुळ्या."

चहा आला. कप अर्धा होतो न होतो तोच पंखा गरगरला, टीव्हीचा लाल दिवा लागला आणि मागच्या कारखान्यात आधी एक, मग दुसरा, मग सगळेच माग खडखडू लागले. जमीन थरथरली. बशीतला कप किणकिणला. देवीच्या गालावरची उजवी पाकळी जरा सरकली, थांबली, पुन्हा सरकली आणि अलगद चौरंगावर पडली.

"दिला! दिला कौल!" दाजीनं जमिनीला डोकं टेकलं. उठला तेव्हा त्याचे डोळे ओले होते आणि ते लपवायचं त्याला सुचलं नाही. "भाऊसाहेब, उद्याच लावा बालारामला कामाला."

टिपणिसांनी पडलेल्या पाकळीकडे पाहिलं. देवीची उजवी बाजू म्हणजे रस्त्याची बाजू. डावी पाकळी अजून गालाला चिकटून थरथरत होती. त्यांच्या डोळ्यांसमोर याच भिंतीच्या दुसऱ्या अंगाची फळी आली आणि फळीवरून रोज रस्त्याकडे निघालेली लोणच्याची बरणी आली. हयातभर पुरावे हाताळलेला माणूस तो. हरकत थेट जिभेच्या टोकावर आली.

हौसाबाई त्यांच्याचकडे बघत होत्या.

"मी लगीन होऊन आले, तवा यो कारखाना न्हवता," त्या म्हणाल्या. "तवा देवी लय कडक. माझ्या ननंदेचं लगीन दोनदा मोडलंन. मना म्हायेरी जायाचं, तर डावी पाकळी. मंग मागं कारखाना आला आन देवीचा सभाव निवला." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "चा घे अवधूता, निवतो."

टिपणिसांनी हरकत चहाबरोबर गिळली. आयुष्यात पहिल्यांदाच गिळली असावी, कारण जरा ठसका लागला.

दाजीच्या अंगात आता उत्साह मावत नव्हता. देवी कुठे बसवायची हे ठरवायला तो घरभर फिरून आला. "मधल्या खोलीन बसवू. तिथली भिंत मी नवीन बांधून घेतलीय, सिमेंट आन लोखंड घालून. भूकंप आला तरी हालाची न्हाय. देवी कशी ठाम बसल!"

हौसाबाईंचा हात पदरावरच थांबला. क्षणभर त्यांनी सुनेकडे पाहिलं, मग आतल्या दाराकडे, जिथे नातीची, पूर्वीची, कॉलेजची पिशवी खुंटीला लटकत होती.

"तुज्या मनाला येल तसं," त्या म्हणाल्या आणि खाटेवर आडव्या झाल्या.

टिपणिसांना सगळं एकदम कळलं. म्हातारीला मघाशी कौल लावतानाच ठाऊक होतं. देवी इथून उठली की तिचा मऊ स्वभावही इथेच राहणार. लताच्या गुडघ्यांसाठी तिनं शेवटचा होकार खर्चून टाकला होता. नातीसाठी आता शिल्लक काही नव्हतं. ते घसा खाकरून सावरून बसले.

"दाजी, मधली भिंत चालणार नाही," ते म्हणाले.

"कनाला?"

"वहिवाटीला बाध येतो." टिपणिसांचा आवाज कोर्टातला झाला. "देवी आजवर हलत्या भिंतीला पाठ लावून बसत आली आहे. तशी तिची वहिवाट पडली. वहिवाट अशी एकाएकी मोडता येत नाही, मालकालाही नाही. तिला ठाम भिंतीला बसवलंस तर तिच्या हक्कावर गदा येईल."

दाजी विचारात पडला. "असा कायदा हाय?"

"फार जुना."

"मंग कुठं बसवू?"

"मागची भिंत. कारखान्याकडची."

"ती तर लय हालते, भाऊसाहेब! भांडी खाली पडतान."

"तिलाच बसव," टिपणीस म्हणाले. खाटेवरून कुणीतरी हळूच हसल्याचा भास त्यांना झाला, पण वळून पाहिलं तर हौसाबाईंचे डोळे मिटलेले होते.

घरी आले तेव्हा विद्युल्लताबाई पुन्हा आरामखुर्चीत बसल्या होत्या. त्यांच्या कपाळावर घाम होता.

"कुठे गेला होतात? इतका वेळ..."

"शेजारी. उद्या बाळाराम येतोय कामाला."

"दाजी हो म्हणाला?"

"देवी म्हणाली."

बाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. टिपणीस फळीपाशी गेले, लोणच्याची बरणी उचलली आणि स्वयंपाकघर ओलांडून मागच्या भिंतीशी आले. तिथल्या फळीवरचे डबे त्यांनी बाजूला केले आणि बरोबर मध्यावर बरणी ठेवली. एकदा वाकून पाहिलं, बोटभर नीट केली. मग आपल्याला काहीतरी विसरल्यासारखं होऊन ते थांबले, वळले, फळीखाली भिंतीला पाठ टेकून ताठ उभे राहिले आणि दोन्ही हात अंगापासून थोडे दूर धरून, त्यांतला उजवा कोणता, डावा कोणता, हे मान वळवून बघू लागले.

मागच्या कारखान्यात माग खडखडत होते. विद्युल्लताबाई भिंत धरत धरत दारापर्यंत आल्या.

"अहो, असे देवासारखे काय उभे राहिलात?"

"पुढच्या तारखेची तयारी," टिपणीस म्हणाले, आणि मान वर करून बरणीकडे बघत राहिले. बरणी त्यांच्या उजव्या हाताच्या दिशेनं निघाली होती.